अभ्यास लालबागच्या दारी यावा
(कार्यकर्त्यांपुढील भाषण)

ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. तिने कामगारांसाठी वाचनालये व रात्रशाळा चालविल्या. ज्ञान श्रमिकाच्या दारी नेण्याची ही भूमिका विसरणे किती महाग पडते?

१९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले: मोकळी जागा, म्हाडाची घरे आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. हा फरक चाळीतल्या किती जणांना वेळीच उमगला? २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरविली, तेव्हा वेळ टळली होती.

म्हणून धोरणांवरील संशोधन लालबाग-परळमध्ये, मराठीत, विनामूल्य मांडले जावे. तेही निर्णयानंतर नव्हे, निर्णयापूर्वी. आकडे कळले, तरच मोर्चाच्या मागणीला धार येईल.