पायपेटी

जालना जिल्ह्यातल्या एखाद्या गावात हरिनाम सप्ताह बसला की मांडवात पेटी येतेच. वाजवणाऱ्याचा उजवा हात पट्ट्यांवर, डावा मागच्या भात्यावर, आणि पाय मात्र मांडी घालून स्वस्थ! एके काळी भात्याची सगळी हमाली या पायांकडे होती. त्या वाद्याला मराठीत म्हणतात पायपेटी.

पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ याने १८४०च्या सुमारास हार्मोनियम घडवलं, ते पायांनी चालणारंच. खाली दोन पावट्या. त्या आळीपाळीने दाबायच्या, एकदा उजवी, एकदा डावी. एकाच पायावर भागवू गेलं तर वारा तुटतो आणि सूर हेलकावतो. ऑर्गनही दिसायला तसाच. म्हणून आपल्याकडे पायपेटी म्हटलं की दोन्ही आले. पोटात मात्र फरक आहे. हार्मोनियममध्ये वारा सूर देणाऱ्या धातूच्या पात्यांतून बाहेर ढकलला जातो, अमेरिकन धाटणीच्या ऑर्गनमध्ये तो आत ओढला जातो आणि त्याचा आवाज अधिक मऊ येतो.

खरी परीक्षा असते ती तालाची. गाणं रंगलं की कुणाचाही पाय आपोआप ठेका धरतो. पायपेटीवाल्याला ती चैन नाही. पायाने ठेका धरला की प्रत्येक मात्रेला सुराला धक्का बसतो. बोटं तालात, पाय तालाबाहेर, हे अंगवळणी पडावं लागतं.

पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याची छोटी पेटी आणली. आपल्या गाण्यात साथीला एका हाताची सुरावट पुरते, दुसरा हात भात्याला मोकळाच. शिवाय पेटी उचलून गावोगाव नेता येते. पायांची नोकरी गेली.

नाटकवाल्यांनी मात्र ती टिकवली. ध्वनिक्षेपक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत भरून राहील असा सूर त्यांना हवा होता, आणि दोन्ही हात मोकळे असले की खालच्या सप्तकाचा भरणाही करता येई. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे. बालगंधर्वांच्या गाण्याचं कौतुक करताना या तिसऱ्या माणसाचं नाव फारसं घेतलं जात नाही, हे काही बरं नाही.

आता थोडं आकाशवाणीच्या घरचं. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. तिच्या ठरीव स्वरांत मींड नाही, श्रुती नाहीत, हा आक्षेप. रवींद्रनाथ टागोरही त्याच मताचे. आक्षेप शास्त्राला धरून होता, पण नाटक मंडळ्यांनी तो मनावर घेतला नाही. रेडिओवर पेटी वर्ज्य असताना रंगमंचावर ऑर्गन घुमतच होता. आकाशवाणीची बंदी १९७१ मध्ये सैल झाली, तीही आधी वरच्या श्रेणीच्या कलाकारांच्या साथीपुरती.