आधी पर्याय, मग छाटणी



मुक्त सॉफ्टवेअरची थोरवी सांगायला माझ्यानंतरचे वक्ते समर्थ आहेत. मी या अधिवेशनाच्या अध्यक्षपदाचा थोडा गैरफायदा घेऊन वापरणाऱ्यांचं गाऱ्हाणं मांडणार आहे.

एप्रिल २०११ मध्ये लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपची नवी आवृत्ती, ग्नोम ३, आली. खिडक्यांवरची मिनिमाइझ-मॅक्सिमाइझची बटणं गेली, उघड्या खिडक्यांची नावं दाखवणारी खालची पट्टी गेली. संगणक बंद करायला जावं तर मेनूत नुसतं ‘सस्पेंड’. ऑल्ट कळ दाबून धरली की त्याच जागी ‘पॉवर ऑफ’ उमटे, पण हे मेनू आपणहून सांगत नसे. यंत्र बंद कशाला करायचं, झोपवावं, हा त्यामागचा विचार. बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपला तो शोभतो. पण त्या काळी महाराष्ट्रात भारनियमन होतं, आणि यूपीएस नसलेला डेस्कटॉप झोपवून ठेवला की वीज जाताच मेमरीतलं न साठवलेलं काम बुडायचं. हा अनुभव त्या आराखड्यात नव्हता, कारण तो सांगणारं माणूस आराखडा ठरला त्या खोलीत नव्हतं.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीही तेव्हा ग्नोम ३ वर जाहीर आगपाखड केली आणि एक्सएफसीई हा दुसरा डेस्कटॉप जवळ केला. पुढे ते ग्नोमकडे परतले, ही गोष्ट वेगळी. ज्यांना परतायचं नव्हतं त्यांच्यासाठी ग्नोम २ च्या संकेतावरून माटे उभं राहिलं, लिनक्स मिंट या वितरणाने सिनॅमन घडवलं. मुक्त परवान्याची ही खरी कमाई. ‘पटत नसेल तर फोर्क करा’, म्हणजे संकेताची प्रत घेऊन वेगळी वाट धरा, हे उत्तर मात्र ज्याला संकेत लिहिता येतो त्याच्यापुरतंच खरं आहे. कार्यालयातल्या टंकलेखिकेच्या हाती उरतं ते मुकाट्याने सोसणं, नाहीतर विंडोजकडे परतणं.

तक्रार केली की ऐकवलं जातं, ‘धर्माची गाय आणि दात का नाय’. हे मला मान्य नाही. ग्नोमच्या अनेक विकासकांना रेड हॅटसारख्या कंपन्या पगार देतात, त्यामुळे सगळाच फावल्या वेळातला दानधर्म नाही. आणि जे खरोखर फावल्या वेळात राबतात, त्यांच्याशी उर्मटपणे बोलणाऱ्यांची बाजूही मी घेणार नाही. प्रत्येक नवी सेटिंग म्हणजे तपासायच्या जोड्यांची वाढ, हे विकासकांचं म्हणणं बरोबरच आहे.

बदलालाही माझा विरोध नाही. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्स ११ या यंत्रणेत एका प्रोग्रॅमला दुसऱ्यात टंकलेली अक्षरं चोरून वाचता येत. तिच्या जागी आलेल्या वेलंडने ते दार बंद केलं, योग्यच केलं. पण त्याच दारातून काही प्रामाणिक माणसंही ये-जा करत होती. एक्सडूटूल या साधनाने रोजची कामं आपोआप करून घेणारे अडले. ओर्का या स्क्रीन रीडरवर विसंबणाऱ्या दृष्टिहीनांचं दुखणं याहून मोठं. पडदा वाचून घ्यायला जे कळांचे जोड लागतात, ते वेलंडवर नीट चालेनात. फेडोरा या वितरणाने वेलंड डीफॉल्ट केलं २०१६ मध्ये. ओर्काच्या कळांची दुरुस्ती ग्नोममध्ये आली २०२५ मध्ये. मधली वर्षं अशा माणसाने एक्स ११ चं जुनं सत्र निवडून काढायची, आणि ते सत्रही हळूहळू काढलं जात होतंच. सुरक्षिततेचा हिशेब मांडताना ही माणसं कोणत्या रकान्यात धरली होती?

उबुंटू या वितरणाचं वागणं मला याहून खटकतं, कारण तिथे तांत्रिक अडचणीपेक्षा लपवाछपवी अधिक आहे. २०२० च्या २०.०४ या आवृत्तीत एपीटी या नेहमीच्या पॅकेज-साधनाने क्रोमियम ब्राउझर मागवला की पाठीमागून उबुंटूच्या स्नॅप या वेगळ्या स्वरूपातलं पॅकेज बसे. मागितलं एक, मिळालं दुसरं. त्याच वर्षी मिंटने ही वाट आपल्या विसाव्या आवृत्तीत बंद केली.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. कोणतीही सोय काढण्याआधी तिचा पर्याय चालू स्थितीत असावा, आणि ती ज्यांच्या रोजच्या कामाची आहे त्यांच्यातल्या काहींनी तो वापरून पाहिलेला असावा. नव्या आवृत्तीसोबतच्या टिपणात काय आलं याच्याआधी काय गेलं ते लिहावं. सूचक मी आहे. अनुमोदनाला विकासकांपैकी कोणी नको. संकेताची एक ओळही न लिहिलेलं कोणी सभागृहात असेल, तर त्यांनी आजच माझ्याकडे नाव द्यावं.