यकृताची रक्ततपासणी : रिपोर्ट वाचताना

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, शाळामास्तर आहे. तरीही आज यकृताच्या रक्ततपासणीवर बोलण्याचे धाडस करीत आहे, त्याला कारण आहे. आमच्या वर्गातील एका मुलाला कावीळ झाली. घरच्यांनी प्रथम गळ्यात काविळीची माळ घातली. माळ लांबत गेली, म्हणून सर्वांना धीर आला. पुढे रक्त तपासले तेव्हा एस.जी.पी.टी. 1800 निघाले. आठ दिवसांनी ते 300 वर आले. वडिलांनी आनंदाने मला रिपोर्ट दाखविला. पण मुलगा दिवसभर गुंगीत होता, आणि त्याच कागदावर बिलिरुबिन 9 वरून 18 वर गेले होते. तो आकडा कोणी वाचलाच नव्हता.

आपण प्रगतिपुस्तक पाहतो तेव्हा एका विषयाचे गुण पाहून निकाल ठरवीत नाही. या रिपोर्टचेही तसेच आहे. त्यात तीन प्रकारचे आकडे असतात.

पहिला प्रकार एस.जी.ओ.टी. आणि एस.जी.पी.टी. यांचा. हल्ली त्यांना ए.एस.टी. व ए.एल.टी. असेही म्हणतात. हे पदार्थ यकृताच्या पेशींच्या आत असतात. पेशींना इजा झाली की ते रक्तात झिरपतात. एस.जी.पी.टी. साधारणपणे 40 च्या आत असते. प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा थोडी वेगळी असते. 1955 च्या सुमारास न्यूयॉर्कमधील कारमेन, व्रोब्लेव्स्की आणि लाड्यू यांच्या संशोधनातून ही तपासणी प्रचारात आली.

दुसरा प्रकार बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज यांचा. जुन्या लाल रक्तपेशी मोडतात तेव्हा पिवळे बिलिरुबिन तयार होते व यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. ते साधारण 1.2 पर्यंत असावे. अडीच-तीनच्या पुढे गेले की डोळे पिवळे दिसू लागतात. पित्ताची वाट खड्याने अडली तर अल्कलाइन फॉस्फटेजही वाढते. मात्र वाढत्या वयाच्या मुलांत ते हाडांमुळेही जास्त असते. तेवढ्याने घाबरू नये.

तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमके त्याच्याकडेच आपले लक्ष जात नाही. यकृत अल्ब्युमिन नावाचे प्रथिन बनविते आणि रक्त गोठविणारे पदार्थही बनविते. प्रोथ्रॉम्बिन टाइम या तपासणीत रक्त गोठायला किती वेळ लागतो ते कळते. यकृत आपले काम करीत आहे की नाही, हे यावरून समजते.

आता त्या मुलाकडे येऊ. माठाला तडा गेला की पाणी झिरपते. झिरपणे थांबले म्हणजे तडा बुजला असेल, किंवा माठ रिकामा झाला असेल! एस.जी.पी.टी. उतरले, बिलिरुबिनही उतरले, मुलगा भूक लागली म्हणू लागला, तर ती सुधारणा. पण एस.जी.पी.टी. उतरत असताना बिलिरुबिन चढत असेल, रक्त उशिरा गोठत असेल आणि रोगी गुंगीत असेल, तर तो धोक्याचा इशारा आहे. त्याच रात्री मुलाला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नेले. अल्लाहच्या कृपेने तो वाचला.

माळेविषयी एक शब्द. वनस्पतीच्या काड्या सुकतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. खुंटीला टांगली तरी लांबेल. बहुतेक मुलांची कावीळ विश्रांतीने आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. जो बरा होत नाही, त्याचे मोलाचे दिवस मात्र वाया जातात. इलाज करणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. इब्ने सीना (980-1037) यांच्यासारखे हकीम लघवी आणि त्वचेचा रंग पाहून निदान करीत, कारण त्या काळी तेच साधन होते. आज अधिक चांगले साधन हाती आहे. ते टाळणे ही त्यांची परंपरा नव्हे.

आपल्यात आणखी एक समज आहे : आपण दारूला शिवत नाही, मग यकृताला काय होणार? बंधूंनो, मधुमेह आणि लठ्ठपणा यांमुळेही यकृतावर चरबी साठते. दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ए आणि ई होतात. गरोदर बहिणींना ई विशेष घातक असतो. 1955-56 साली दिल्लीत सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले आणि सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली होती. हिपॅटायटिस बी आणि सी दूषित सुई, रक्त किंवा वस्तऱ्यातून पसरतात, आणि अनेक वर्षे एस.जी.पी.टी. साधारण असूनही अंगात राहू शकतात. त्यांची तपासणी वेगळी असते; ती मागून घ्यावी लागते. बी ची लस बाळाला जन्मानंतर 24 तासांत द्यावी. सी आता गोळ्यांनी बहुधा पूर्ण बरा होतो. 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत तपासणी व उपचार मोफत आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, घरात इंग्रजी रिपोर्ट वाचणारे बहुधा तुम्हीच असता. तेव्हा सर्व ओळी वाचा, मागचा रिपोर्ट शेजारी ठेवा आणि दोन्ही डॉक्टरांसमोर न्या. निदान मात्र तुम्ही करू नका. रोगी गुंगीत असेल, असंबद्ध बोलत असेल किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर रिपोर्टचीही वाट पाहू नका.

तो मुलगा आज या सभागृहात बसला आहे. त्याच्या वडिलांच्या परवानगीनेच मी हे बोललो. खुदा हाफिज.