गोड पेयांचा कर, मुलांची परसबाग


आज जाऊ या अमेरिकेतल्या बर्कली शहरात.

2014 साली तिथं मतदान झालं.
प्रश्न होता, साखर घातलेल्या पेयांवर कर लावायचा का?
दर चौघांतल्या तिघांनी ‘हो’ म्हटलं.
शीतपेय कंपन्यांनी विरोधात पैसा ओतला होता, बरं का!

कर लागला.
पण पैसा जातो शहराच्या सर्वसाधारण तिजोरीत.
तो रस्त्यांवरही खर्च होऊ शकला असता.
म्हणून त्याच ठरावात एक तज्ज्ञ समिती नेमायचं ठरलं.
निधी कशावर खर्चावा, हे ती नगर परिषदेला सुचवते.

मग पैसा पोहोचला शाळांच्या परसबागेत.
स्वयंपाकाच्या वर्गात.
मुलं भाजी लावतात, खुडतात, शिजवतात.
स्वतः लावलेल्या पालकाला नाक मुरडणं जरा अवघडच!

लक्षात ठेवा, कर गोड पेयांवर, खर्च पोषणावर.

आणि मोजमाप?
संशोधकांनी कमी उत्पन्नाच्या वस्त्यांत लोकांना विचारलं,
गोड पेय किती वेळा पिता?
कर लागण्याआधी विचारलं.
नंतरही विचारलं.
प्रमाण सुमारे एक पंचमांशानं घटलं होतं.
शेजारच्या शहरांत ते घटलं नाही.
बर्कलीत पाणी पिणं मात्र वाढलं.

यावरून लठ्ठपणा कमी झाला, असं म्हणता येणार नाही.
वजनात फरक दिसायला वर्षं लागतात.
तरी आधी मोजलं, नंतर मोजलं, हे मोलाचं.

तुमच्या गावात पोषणासाठी निधी आला, तर ग्रामसभेत जरूर विचारा:
पैसा कुठे गेला?
आणि आधी मोजलं होतं का?