घरच्या अंगणात हृदयाचा व्यायाम
हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. त्याचा पंप अशक्त होतो, चार पायऱ्यांत धाप लागते. अशा माणसाला घरचे खाटेवरून उठू देत नाहीत. मायेपोटीच, पण ते चूक आहे. पोलंडमध्ये 850 रुग्णांच्या अभ्यासात निम्म्यांनी एक आठवडा रुग्णालयात, आठ आठवडे घरी, फोनवरच्या देखरेखीत व्यायाम केला. आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. दम मात्र थोडा वाढला.

असा त्रास असेल तर तुम्हीही डॉक्टरांना विचारून चाला, उन्हाळ्यात पहाटेच. चालताना बोलता आलं पाहिजे. शब्द तुटला की थांबा. रोज सकाळचं वजन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.