मुकादमाची बंद वही



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट थांबली. घोडनदीच्या बाजारपेठेतलं दुकान असो, दौंडकडचं दूध संकलन केंद्र असो, की गावातलं ई-सेवा केंद्र. चांगला चालणारा, पण विंडोज ११ न घेणारा संगणक अनेकांच्या टेबलावर आहे. तो भंगारात घालू नका, त्यावर लिनक्स टाका, असं मी सांगत आलो आहे. ते ऐकून दौंडच्या एका विद्यार्थ्याने मला विचारलं, "सर, वडिलांच्या दुकानातल्या मशीनवर मी डेबियन हे लिनक्स टाकलं. आता इंटेलचं मायक्रोकोड नावाचं पॅकेज घ्या म्हणतात. ते तर मुक्त सॉफ्टवेअर नाही. सुरक्षेसाठी घेऊ, की तत्त्वासाठी सोडू?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. दोन्ही बाजूंची किंमत कळल्याशिवाय असं कुणी विचारत नाही.

आधी मायक्रोकोड म्हणजे काय ते पाहू. दौंड-शिरूरच्या माणसाला ऊसतोड सांगायला नको. साखर कारखान्याच्या शेतकी खात्याकडून निरोप येतो, अमुक गटातला ऊस तोडा. एवढ्या एका वाक्यावर ऊस तुटत नाही. मुकादम त्याची बारीक कामं पाडतो: कोयता कुणी चालवायचा, मोळ्या कुणी बांधायच्या, गाडी कुणी भरायची. संगणकाचा प्रोसेसरही प्रोग्रॅमकडून आलेल्या काही मोठ्या आज्ञांची अशीच बारीक कामं पाडतो. ती कशी पाडायची हे ज्या वहीत लिहिलेलं असतं, ती वही म्हणजे मायक्रोकोड. ती कंपनीने लिहिलेली असते आणि आपल्यासाठी बंद असते.

३ जानेवारी २०१८ला जगाला मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोन दोष कळले. वेळ वाचवण्यासाठी प्रोसेसर अंदाज बांधतो. निरोप यायच्या आधीच टोळी पुढच्या रानात पाठवावी, तसं. अंदाज चुकला तर टोळी माघारी येते, पण रानात पावलं उमटलेली राहतात. ती पावलं वाचून दुसऱ्याचा पासवर्ड किंवा गुपित किल्ली ओळखता येते, हे संशोधकांनी दाखवलं. मेल्टडाउनवर ऑपरेटिंग सिस्टिममध्येच उपाय करता आला. स्पेक्टरच्या एका प्रकारासाठी मात्र इंटेल आणि एएमडीला ही बंद वहीच सुधारून द्यावी लागली. पुढे २०२३ मध्ये एएमडीचा झेनब्लीड आणि इंटेलचा डाउनफॉल हे दोष निघाले, तेव्हाही तेच झालं.

इथे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये दोन वाटा पडल्या. लिनक्स-लिब्रे नावाची लिनक्सची एक आवृत्ती आहे. ती सगळे बंद तुकडे काढून टाकते आणि मायक्रोकोड अद्ययावत करा असं सुचवणाऱ्या ओळीही गाळते. डेबियनने २०२२ मध्ये सभासदांचं मतदान घेतलं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून मायक्रोकोडसारखं बंद फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या भागांत चालणारं सॉफ्टवेअर, वेगळ्या कप्प्यात ठेवून, वापरणाऱ्याला तसं सांगून, द्यायला सुरुवात केली. लिब्रेबूट, म्हणजे संगणक सुरू करणारं मुक्त सॉफ्टवेअर बनवणारा प्रकल्प, हा तर कडक शिस्तीचा. त्यानेही नोव्हेंबर २०२२ मध्ये आपलं धोरण बदललं आणि मायक्रोकोडची अपडेट स्वीकारली.

माझं मत डेबियनच्या बाजूने आहे. कारण साधं आहे. अपडेट नाकारली म्हणून प्रोसेसर मुक्त होत नाही. कारखान्यातून आलेली जुनी बंद वही त्यात आहेच. आपण फक्त नवी बंद वही सोडून जुनी, जगाला माहीत झालेल्या भोकांची बंद वही चालू ठेवतो. यात स्वातंत्र्य कमावलं असं मला वाटत नाही. आणि इशाऱ्याची ओळच गाळणं मला अजिबात पटत नाही. माणसाला निर्णय घ्यायचा हक्क द्यायचा, तर माहिती आधी त्याच्या हातात पडली पाहिजे.

पण त्या कडक मंडळींना वेडं ठरवू नका. जानेवारी २०१८ मध्येच इंटेलने दिलेल्या मायक्रोकोडमुळे संगणक आपोआप रीबूट होऊ लागले आणि २२ जानेवारीला इंटेललाच सांगावं लागलं, ही अपडेट तूर्त टाकू नका. आत काय लिहिलंय ते बाहेरच्या कुणालाही तपासता येत नव्हतं. शिवाय या वहीवर कंपनीची डिजिटल सही असते. आपण ती बदलली तर प्रोसेसर सहसा घेतच नाही.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट एप्रिल २०१८ मधली. इंटेलने जाहीर केलं की काही जुन्या प्रोसेसरना स्पेक्टरसाठी मायक्रोकोड मिळणार नाही. त्यांत कोअर टू ड्युओच्या काळातले प्रोसेसरही होते. आपल्याकडे सेकंडहँड बाजारातून आलेली कितीतरी यंत्रं याच पिढीची. कंपनीने हात वर केले की बंद वहीला दुसरा वाली नसतो. त्यांना आधार मिळाला तो उघड्या सॉफ्टवेअरचा. गूगलच्या अभियंत्यांनी रेटपोलीन नावाची युक्ती काढली. प्रोसेसरला अंदाज बांधायची संधीच मिळू नये, अशा तऱ्हेने प्रोग्रॅम तयार करायची ती रीत. जानेवारी २०१८च्या अखेरीस आलेल्या लिनक्स ४.१५ मध्ये ती सामील झाली. कंपनीने सोडून दिलेली यंत्रंही तिने बऱ्याच अंशी सांभाळली. हे शक्य झालं, कारण लिनक्सची वही उघडी होती.

आपल्या शिरूर तालुक्यात हे लवकर समजावं. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, ही तिथली शिक्षणाची पद्धत. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. प्रोग्रॅम वापरायची, अभ्यासायची, बदलायची आणि वाटायची मोकळीक हवी, अशी त्यांची भूमिका. पाबळच्या कार्यशाळेत हात काळे केलेल्या मुलाला ही मागणी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. म्हणून बंद मायक्रोकोड घ्या, पण नाइलाज म्हणून घ्या. या एका अपवादाच्या आडून चोरीचं विंडोज, क्रॅक केलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर आत येऊ देऊ नका. आपल्या बाजारपेठांत खरी घाण तिथून शिरते.

आणि कामांचा क्रम लक्षात ठेवा. चोराला स्पेक्टरपेक्षा तुमचा ओटीपी मागणं कितीतरी सोपं जातं. तेव्हा आधी कागदपत्रांची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर काढा, मग ऑपरेटिंग सिस्टिम आणि ब्राउझर अद्ययावत करा. मायक्रोकोड त्यानंतर. दुकानातलं इंटरनेट नसलेलं, एकट्याने वापरायचं मशीन असेल तर चार दिवस उशीर चालेल. ई-सेवा केंद्रात मात्र आधार, बँक आणि सातबारा एकाच यंत्रावरून जातात, तिथे दिरंगाई नको.

आता कागद-पेन्सिल घ्या. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये एल, एस, सी, पी, यू ही पाच अक्षरं इंग्रजीत, जोडून, लहान लिपीत लिहा आणि एंटर दाबा. तुमच्या प्रोसेसरचं नाव येईल आणि नव्या आवृत्त्यांत तळाशी दोषांची यादी दिसेल. दोषापुढे 'मिटिगेशन' असेल तर उपाय लागू आहे. 'व्हल्नरेबल' असेल तर तो दोष उघडा आहे. ही यादी वहीत उतरवून घ्या.

डेबियनमध्ये इंटेलसाठी इंटेल-मायक्रोकोड आणि एएमडीसाठी एएमडी६४-मायक्रोकोड असं पॅकेज आहे. उबंटू या लिनक्समध्ये ते सहसा आधीच बसवलेलं असतं. एक दिलासा देतो. लिनक्सने चढवलेलं मायक्रोकोड प्रोसेसरमध्ये कायमचं कोरलं जात नाही. वीज गेली की पुसलं जातं आणि मशीन सुरू होताना दर वेळी नव्याने चढतं. त्यामुळे नव्या पॅकेजनंतर मशीन अडखळू लागलं, तर ते पॅकेज काढा किंवा आधीची आवृत्ती बसवा.

पॅकेज बसलं की संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. तीच पाच अक्षरं पुन्हा लिहा. आलेली यादी वहीतल्या यादीशेजारी मांडा आणि कुठली ओळ बदलली, कुठली तशीच राहिली, ते तारीख घालून लिहून ठेवा.