अख्खा अल्बम ऐका
(आकाशवाणीवरील भाषण)

डिसेंबर लागला की आमच्या शिरपूरची पोरं मला गाठतात. करवंद नाक्यावर, कॉलेजच्या गेटवर, एस.टी. स्टँडवर. प्रश्न ठरलेला असतो, "सर, यंदाचे तुमचे आवडते अंडरग्राउंड अल्बम कोणते?" यंदा हा प्रश्न आकाशवाणीनंच विचारला, म्हणून यादी देणार आहे. यंदाची यादी म्हणजे यंदा निघालेल्या अल्बमांची नव्हे. वर्षभर मी ज्यांच्याकडे परत परत गेलो, त्यांची. पण त्याआधी माझी एक अट आहे. अल्बम अख्खा ऐकायचा. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, रॅपरनं लावलेल्या क्रमानं, मधलं एकही न गाळता.

हिप-हॉप म्हणजे काय हे मी सांगत बसणार नाही. ऐकणाऱ्यांना ते ठाऊक आहे, न ऐकणाऱ्यांनी ही दहा मिनिटं नातवाला शेजारी बसवून ऐकावीत. माझी तक्रार ठाऊक असणाऱ्यांबद्दलच आहे. पोरांना चाळीस गाण्यांचे हुक, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळी, तोंडपाठ असतात. रीलमध्ये जेवढं वाजतं तेवढं. दुसऱ्या अंतऱ्यात तो काय म्हणतो असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. एकानं मला सरळच अहिराणीत सांगितलं, "सर, हुक सरना का गानं बोर करस." हुक संपला की गाणं कंटाळा आणतं!

आता आपल्या घरातली गोष्ट सांगतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे होतात. ताटात मांडा पडला की लहान पोर काय करतं? बोटानं फोडतं, आतलं पुरण चाटतं आणि पोळी ताटाच्या कडेला सारतं. गोड तेवढं पोटात जातं. पण पुरण तर कुणालाही शिजवता येतं. डाळ, गूळ, वेलदोडा, झालं. खरी करामत वरच्या पोळीत आहे. कणीक तिंबून तिंबून तिला तार आणायची, पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत पसरवायचा, फाटू द्यायचा नाही, आणि पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. खाली पऱ्हाट्यांचा जाळ एकसारखा हवा. ज्या बाईला हे साधतं तिला गाव नावानं ओळखतं. रॅपमध्ये हुक म्हणजे ते पुरण. अंतरा म्हणजे ती पोळी. श्वास कुठे घ्यायचा, यमक कुठे मोडायचं, एकच शब्द तिसऱ्या ओळीत वेगळ्या अर्थानं कसा आणायचा, सगळा हात तिथे दिसतो. तुम्ही तीच सारून ठेवता आणि मला म्हणता, आम्हाला हिप-हॉप आवडतं.

असो. यादीकडे येतो.

पहिलं नाव 'चेतावनी'. मुंबईच्या 'स्वदेसी' या रॅपर मंडळींचा २०२० सालचा अल्बम. मराठी, हिंदी, गुजराती, जी ज्याची भाषा त्या भाषेत तो रॅप करतो. एमसी मवाली, एमसी तोडफोड, अमरावतीचा हंड्रेड-आरबीएच म्हणजे सौरभ अभ्यंकर, ही सगळी याच घरची माणसं. 'गली बॉय' चित्रपटातलं 'इंडिया ९१' तुम्ही ऐकलं असेल. त्यात यांचे आवाज आहेत, आणि त्या गाण्यामागे मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्याबरोबर या पोरांनी बसवलेले कर्नाटकी बोल आहेत. मृदंगाचे बोल आणि रॅपची ओळ एका मात्रेवर आणायला किती बसावं लागलं असेल, याचा विचार करा. तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, २०२२ च्या मार्चमध्ये गेला. वय अवघं चोवीस. त्याचे गुजराती अंतरे ऐकताना अजून गलबलून येतं.

याच मंडळींचं २०१९ चं 'द वारली रिव्होल्ट' हे सुटं गाणं आहे, अल्बम नव्हे, पण माझ्या तालुक्यानं ते ऐकलंच पाहिजे. मुंबईतल्या आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज त्यात आहे. नाव घेतलंय ते १९४५ च्या वारली उठावावरून, गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी उभा केलेला तो लढा. त्याच २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं रातोरात तोडली गेली. आपल्या तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्यात पावरा आणि भिल्ल वस्त्या आहेत. तिथून शिकायला शिरपुरात आलेल्या एका मुलाला मी हे गाणं ऐकवलं. त्यानं पहिल्यांदा ऐकलं, काही बोलला नाही. दुसऱ्यांदा लावायला सांगितलं, आणि मग म्हणाला, "हे आमच्या पाड्याचंच सांगताहेत." सबंध गाणं ऐकलं म्हणून त्याला ते सापडलं. रीलमध्ये सापडलं नसतं. मुद्दा पुन्हा सांगतो, कारण तो कानाआड होतो. हुकमध्ये फक्त घोषणा असते. बाजू अंतऱ्यात मांडलेली असते.

आदिवासी मुलींना आणखी एक नाव सांगून ठेवतो, माही जी. मधुरा घाणे, महादेव कोळी समाजातली. जंगल, पाणी, उन्हाची लाट यांवर तिनं गाणी केली आहेत. शोधा आणि ऐका.

दुसरा अल्बम परदेशी. 'मॅडव्हिलेनी', २००४, एमएफ डूम आणि मॅडलिब. अंडरग्राउंड म्हणून ज्याची शपथ घ्यावी असा. बावीस तुकडे, शेहेचाळीस मिनिटं, आणि बहुतेक ठिकाणी हुकच नाही! म्हणजे पुरण चाटणाऱ्यांची पंचाईत. सगळी नुसती पोळी आणि ती इतकी पातळ की आरपार दिसावं. मी हा अल्बम धुळ्याच्या एस.टी.त ऐकतो. गाडी स्टँडवरून निघाली की सुरू करायचा. सावळद्याच्या पुलावर तापी लागते तेव्हा डूमचा आवाज कानात बसलेला असतो, नरडाणा मागे पडतं, सोनगीरचा किल्ला दिसायला लागतो आणि अल्बम उतरणीला लागलेला असतो. धुळे यायच्या आत संपतो. या रस्त्यावर रोज ये-जा करणारी कितीतरी पोरं आहेत. त्यांच्याकडे वेळ नाही असं मला सांगू नका. तेवढ्या वेळात अंगठा स्क्रीनवर किती वेळा सरकतो ते मी शेजारच्या सीटवरून बघत असतो.

क्रम महत्त्वाचा असं मी म्हणतो तेव्हा पोरांना ती मास्तरकी वाटते. मग केंड्रिक लमारला विचारा. त्याचा 'डॅम' हा अल्बम २०१७ चा. त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच गाण्यांचा क्रम उलटा लावून त्यानं पुन्हा एक आवृत्ती काढली, हे किती जणांनी ऐकलंय? पुढून ऐकलं तर एक गोष्ट, मागून ऐकलं तर दुसरी. गाणी तीच. जे. डिलाच्या 'डोनट्स'मध्ये तर सुरुवातीच्याच तुकड्याचं नाव 'आउट्रो' आहे. २००६ च्या फेब्रुवारीत अल्बम आला आणि तीन दिवसांत डिला गेला. शफल लावून हे कळणार कसं?

आपल्याकडचे आणखी तीन झटकन सांगतो. दिल्लीच्या टिळकनगरातल्या प्रभ दीपचा 'क्लास-सिख', २०१७. श्रीनगरच्या अहमेरचा 'लिटल किड, बिग ड्रीम्स', २०१९. अहमदाबादच्या धनजीचा 'रुआब', २०२३. एक पंजाबीत, एक काश्मिरीत, एकात गुजराती वळणाची बोली. भाषा कळत नाही म्हणून ऐकत नाही असं म्हणू नका. शब्दांचे अर्थ नेटवर मिळतात. एकदा अर्थ वाचा, मग अल्बम लावा. आपल्या मातीतलं बोलणं तसंच ठेवूनही अल्बम उभा राहतो, हे या तिघांनी दाखवून दिलं.

आणि पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन. २०२३ मध्ये तो 'बिग बॉस' जिंकला आणि आपल्याकडच्या सलूनमध्ये त्याच्यासारखे केस कापून मागायला लागले. त्याचा 'तडीपार' हा अल्बम त्या विजयाच्या आधीचा, २०२० चा. त्या केसवाल्यांतल्या कितींनी तो सलग ऐकलाय? शिव्या आहेत म्हणून पालक नाक मुरडतात, तेही दहा सेकंद ऐकूनच. दोघांनीही अख्खा ऐका, मग भांडा. माझी हरकत नाही.

आता ज्यासाठी मी खरा इथवर आलो ते. लग्नात डी.जे.वर 'झुमका वाली पोर' वाजलं आणि आपली अहिराणी बोली साऱ्या महाराष्ट्रात नाचली. मला त्याचा आनंद आहे, मीही वरातीत उभा असतो. पण अहिराणीत नुसतं नाचता येतं असं नाही. कानबाई देवीच्या उत्सवातल्या रात्री आठवा. बाया एकीच्या मागे एक गाणं लावतात, गाण्यातून माहेर, सासर, पीकपाणी, देवीचं सगळं येतं, आणि मधूनच उठून कुणी जात नाही. इतकं सलग ऐकायची सवय आपल्याच घरात होती. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब लोक पहाटेपर्यंत ऐकायचे आणि कुणाचा जवाब कुठे लंगडा पडला यावर आठवडाभर बोलायचे.

शिरपुरात अहिराणीत रॅप लिहिणारी पोरं आहेत. मला वह्या दाखवतात. कापसाचा भाव, सूतगिरणीची पाळी, सुरतेला कामाला गेलेला भाऊ, हायवेवरचे ट्रक, सगळं त्या वह्यांत आहे. पण रेकॉर्ड करतात तेव्हा चारच ओळी, कारण रीलमध्ये तेवढंच बसतं. बाकीचं वहीतच राहतं. का? ऐकणारा थांबत नाही हे त्यांना माहीत आहे म्हणून. दोष त्यांचा निम्मा, आपला निम्मा. मांडा कितीही मोठा केला तरी पोर पुरणच चाटणार असेल, तर आई पुढच्या आखाजीला वाटीत नुसतं पुरणच देईल. तसंच होतंय, श्रोतेहो. आणि एकदा हाताची सवय मोडली की मांडा परत...

मला खूण करताहेत, वेळ संपत आली. स्टुडिओच्या खर्चाबद्दल बोलायचं होतं, मोबाइलवर गोधडीखाली बसूनही चांगलं रेकॉर्डिंग कसं होतं ते सांगायचं होतं, ते राहिलं. वहीवाल्या पोरांना एवढंच सांगतो. लाजू नका, आपली भाषामा लिखा, सहा गाणी सलग करा. सहा पुरेत. मी पहिल्यापासून सहाव्यापर्यंत ऐकेन आणि दुसऱ्या अंतऱ्यावर प्रश्न विचारेन.

बाकी सगळ्यांनी आज जेवण झाल्यावर 'चेतावनी' लावा. पहिल्या गाण्यापासून. फोन पालथा ठेवा आणि संपेपर्यंत हात लावू नका.